तेरवीनंतरचा भोंगा

अकोल्याच्या तेल गिरणीचा भोंगा बरोबर अकरा वाजता वाजला आणि समोरच्या पडद्यावर एक नवी ओळ उमटली. मिस्बाहनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि हातातला कप टेबलावर ठेवता ठेवता अर्धा चहा सांडला.

ओळीत भिण्यासारखं काही नव्हतं. भोंग्याच्या प्रोग्रॅमनं भोंग्याच्या स्विचला हात लावला. नियमांत तशी परवानगी नाही. सध्या फक्त नोंद घेतली, अडवलं नाही. बस, एवढंच. तिला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिनं हेच काम बारा दिवस केलं होतं, हजारो ओळी डोळ्यांखालून घातल्या होत्या, आणि त्यांत ही ओळ एकदाही आली नव्हती. शिवाय नांदगाव पेठला आता नुसती नोंद चालू नव्हती. तिथे काल संध्याकाळपासून अंमल सुरू झाला होता.

हे काम काय असतं ते सांगितल्याशिवाय तिची भीती कळायची नाही. यंत्रात दहा-वीस प्रोग्रॅम असतात. कोणी वजन घेतं, कोणी पावती छापतं, कोणी निरोप नेतं-आणतं. एरवी मालकाच्या नावानं आलेल्या प्रोग्रॅमला कुठेही शिरता येतं, आणि चोर नेमका मालकाचंच नाव सांगून शिरतो. ते बंद करायचं हे मिस्बाहचं काम. प्रत्येक प्रोग्रॅमच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधायची आणि कोणत्या चिठ्ठीनं कोणत्या दाराला हात लावायचा याचे नियम लिहायचे. नियमात असेल तेवढं करायचं, नसेल त्याला नकार; मग तो मालक असो की मालकाचा बाप. नियम लिहायची रीतही ठरलेली. आधी काही दिवस कोणालाच अडवायचं नाही, कोण कुठे जातो ते फक्त टिपायचं. मग त्या टिपणावरून नियम बनवायचे आणि अंमल चालू करायचा. त्या दिवसांत जे घडलं ते पुढे चालतं. जे घडलंच नाही, त्याला पुढे परवानगी नसते.

जिनिंगच्या मालकाला ही हौस उगीच सुचली नव्हती. आदल्या हंगामात कोणीतरी वजनकाट्याच्या प्रोग्रॅममधून आत शिरून रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींचे नोंदवलेले दर्जे बदलून ठेवले होते. तो कोणीतरी म्हणजे ऑफिसातलाच एक कारकून निघाला आणि पळून गेला. पण रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात तसं, मालकानं सगळ्या यंत्रालाच कुलपं घालायचं ठरवलं. अमरावतीत राजापेठेतल्या एका छोट्या कंपनीत मिस्बाह नोकरीला होती. सव्वीस वर्षांची, बोलायला तिखट, कामाला वाघीण. काम तिच्याकडे आलं तेव्हा ती खूश झाली होती, कारण त्या जिनिंगमध्ये तिची अम्मी कामाला होती.

अम्मी, म्हणजे सुरैय्या, सोळा वर्षं तिथे कापसातली काडी-कचरा निवडत होती. त्या कचऱ्यावरच मिस्बाह शिकली. आता पोरगी कमावती झाली, तरी अम्मी काही घरी बसायला तयार नव्हती. "घर में बैठके दीवारें गिनूँ क्या?" म्हणायची. रोज सकाळी आठला बावीस बायका त्या लांबलचक शेडमध्ये जात. अर्ध्या शेडमध्ये कापसाचा ढीग, अर्ध्यात गाठींच्या थप्प्या. रुई चोरीला जाते म्हणून मोठं लोखंडी दार बाहेरून बंद करून कुलूप घालत, ते एक वाजता जेवायच्या सुट्टीलाच उघडायचं.

रुईच्या गाठीतली आग मोठी लबाड. जिनिंगमधली एखादी ठिणगी रुईबरोबर गाठीत दाबली गेली, तर ती आतल्या आत दोन-दोन दिवस खात बसते. वरून धूर नाही की वास नाही. आणि मग एकदा का तिला वारा लागला, की शेडमधल्या माणसाला चप्पल घालायलाही वेळ मिळत नाही. यासाठीच जानराव नावाचा म्हातारा तिथे तीस वर्षं होता. हातभर लोखंडी सळई गाठीत खुपसायची, एक बिडी ओढून होईस्तोवर थांबायचं, मग सळई उपसून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. दर दोन तासांनी त्याची फेरी चालायची. यंदा मालकानं थप्प्यांमध्ये वायरी सोडल्या. त्या आतली गरमी मोजतात, पडद्यावर दाखवतात, आणि गरमी वाढली की भोंग्याचा प्रोग्रॅम स्वतःच भोंगा वाजवतो. पाळीचा भोंगाही तोच प्रोग्रॅम वाजवतो. जानरावला वजनकाट्यावर बसवलं आणि शेडची किल्ली त्याच्याकडून काढून मॅनेजरच्या ऑफिसात टांगली.

"काका, आता मशीन पाहते ना," मिस्बाहनंच त्याची समजूत घातली होती. "तुमी काटा पाहा. ज्याचं काम त्यानं करावं."

"पाह्यते त पाहू दे बाप्पा," जानराव म्हणाला होता, आणि सळई काट्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली होती.

सगळं नीट झालं होतं. मग भोंग्याची ओळ बारा दिवसांत एकदाही का आली नाही?

कारण बारा दिवस भोंगा वाजलाच नव्हता.

मिस्बाहला ते ठाऊक होतं आणि तरीही तिच्या डोक्यात ते बसलं नव्हतं. जिनिंगच्या भिंतीपलीकडे लागूनच गाव आहे, आणि जुन्या मालकापासूनची चाल अशी की गावात कोणी गेलं तर तेरवी होईपर्यंत भोंगा वाजवायचा नाही. पूर्वी वर्षात एखाद-दोन वेळा असं व्हायचं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या हिवाळ्यात, एकाची तेरवी होते न होते तोच दुसऱ्याच्या दारात गर्दी व्हायची. शेतकऱ्यांची ही तरणी पोरं कशानं गेली हे कोणी विचारत नव्हतं. शेवटचा गेला तो मनकर्णाबाईचा गोवर्धन, एकतीस वर्षांचा. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्बाहनं नोंद चालू केली. मॅनेजर कुलदीपनं पाळीचा भोंगा बंद ठेवला होता. भोंग्याची चाचणी घ्यायला हवी असं ती त्याला म्हणाली होती, तर तो म्हणाला, "आता कशी घेता मॅडम? तेरवीनंतर पाहू." तिनं वहीत लिहिलं, 'भोंगा : तेरवीनंतर'. काल सोमवारी तेरवी झाली. बुधवारी तपासणीला माणसं येणार म्हणून कुलदीपनं घाई केली, मिस्बाहनं संध्याकाळी अंमल चालू केला आणि शेवटच्या गाडीनं अकोल्याला आली. वहीतली ती ओळ वहीतच राहिली.

तिनं कुलदीपला फोन लावला. तो नागपूरला, तपासणीची माणसं आणायला गेलेला, फोन बंद. स्वतःच इथून जिनिंगच्या यंत्रात शिरावं, तर बाहेरून शिरायची वाट तिनंच परवा बुजवली होती आणि त्याबद्दल कुलदीपची शाबासकीही घेतली होती. उरला गेटवरचा नत्थुजी. त्याच्या मोबाइलमध्ये तिनं एकदा कव्वालीची रिंगटोन टाकून दिली होती, म्हणून नंबर होता.

"नत्थुजीकाका, मी मिस्बाह. सकाळी आठाले भोंगा वाजला का?"

"नाही ना वो म्याडम."

"तुमी कोणाले सांगतलं नाही?"

"काय सांगाव?" नत्थुजीचा आवाज खाली गेला. "मले वाटलं गावात अजून कोणी गेलं असन. बायाबी तसंच म्हणत व्हत्या. कोण गेलं मनून इचारलंबी नाही कोणी. रोज रोज काय इचारा?"

एखादा पंखा बंद पडला तर दहा माणसं ओरडतात. इथे भोंगा मुका झाला होता आणि तीनशे माणसं मान खाली घालून कामाला लागली होती.

"काका, एक काम करा. ऑफिसच्या खिडकीतून आत पाहा. टेबलावर टीव्हीसारखा पडदा हाय. त्याच्यावर काय दिसते?"

"मले विंग्रजी येत नाही म्याडम."

"वाचू नका. रंग सांगा. हिरवा हाय का लाल?"

पावलांचा आवाज. खोकला. मग काचेवर हात पुसल्याचा आवाज.

"लाल हाय."

"सगळा?"

"एक चौकोन लाल हाय, बाकी हिरवे. थो त लालच हाय. मी दहा-सव्वादहाले चकरले आल्तो तवाबी लाल व्हता. मले वाटलं तसाच असते."

मिस्बाह खुर्चीतून कधी उठली ते तिला कळलं नाही. जवळजवळ तासभर एक गाठ आतून पेटत होती. यंत्राला ते कळलं होतं. यंत्र भोंगा वाजवायला जात होतं आणि तिनं लिहिलेले नियम त्याला दारातून परत पाठवत होते. आणि त्या थप्प्यांपासून वीस पावलांवर तिची अम्मी मांडी घालून कापूस निवडत बसली होती, बाहेरून कुलूप लावलेल्या दाराच्या आत.

"काका, शेडले आग हाय. दार उघडा. बायांले बाहेर काढा. आत्ता!"

"किल्ली हापिसात हाय, आन् हापिसले कुलूप. मॅनेजरसायब शेडले कुलूप घालून गेले नागपूरले, येकाच्या सुट्टीचं काही बोललेच नाही."

"फोडा कुलूप!"

"मले तसा हुकूम नाही म्याडम. धूर त दिसत नाही. माही नोकरी जाईन."

"तुमची नोकरी गेली त माही देईन तुमाले! काका, अम्मी हाय आतमंदी, माही अम्मी!"

ती किंचाळली तशी गिरणीतली माणसं दारात गोळा झाली. फोनमध्ये नत्थुजी पुन्हा तेच म्हणाला, तसा हुकूम नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण गेट सोडून कशाला हात लावायचा नाही हे त्याला गेल्याच महिन्यात कागदावर सही घेऊन बजावलं होतं, आणि तो कागद करताना मिस्बाहही शेजारी बसली होती.

"जानरावकाकाले आवाज द्या," ती म्हणाली. "फोन त्याइले द्या. पळा!"

पुन्हा पावलं. या वेळी पळती. मग जानरावचा घोगरा आवाज. "काय झालं वो पोरी?"

"काका, थप्पी पेटली हाय आतून. मशीननं सांगतलं नाही. बाया आत हायेत."

जानरावनं एकही प्रश्न विचारला नाही. फोन तसाच कुठेतरी टाकला असावा, कारण त्यानंतर मिस्बाहला फक्त आवाज ऐकू आले. लोखंडावर लोखंड. एकदा, दोनदा, पाचदा. आतून बायकांचा गलका, कोण आहे, काय झालं. "सरका मांगं!" असं जानराव ओरडला. पुन्हा लोखंड. काहीतरी कडाड् मोडलं. मोठं दार सरकल्याची करकर झाली, आणि मग एकदम खूप माणसं एका वेळी ओरडली. तेवढ्यात फोन बंद पडला.

तिनं पुन्हा लावला. नत्थुजीचा फोन बंद. गेटचा फोन नुसता वाजत राहिला. एकशे एक लावला तर अकोल्याच्याच अग्निशमनवाल्यांनी उचलला. "नांदगाव पेठ आमच्याकडं येत नाही ताई, पण थांबा, आमी अमरावतीले कळवतो," ते म्हणाले, आणि त्यांनी कळवलंही. पण ते तिला नंतर समजलं. त्या वेळी ती नुसती हो-हो म्हणाली आणि पर्स न घेताच रस्त्यावर आली. गिरणीचा एक माणूस पर्स घेऊन तिच्यामागे धावला आणि त्यानंच रिक्षा करून तिला स्टँडवर सोडलं.

अकोला ते अमरावती एसटीनं अडीच तास. माणूस भ्यालेला असला की तेवढ्यात सगळं आयुष्य बघून होतं. बोरगाव मंजू गेलं. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. कंडक्टर उतरून भजी खात उभा राहिला, आणि मिस्बाहला त्याच्या भज्यांची पुडी उचलून फेकून द्यावीशी वाटली. ती दर पाच मिनिटांनी फोन लावत होती. शेजारची बाई म्हणाली, "कोणी दवाखान्यात हाय का माय?" मिस्बाहनं पुन्हा नंबर दाबला. तिला दार करकरलेलं आठवत होतं. दार उघडलं म्हणजे वारा आत गेला. तिनंच उघडायला लावलं. वारा लागला की चप्पल घालायलाही वेळ मिळत नाही, हे वाक्य तिनं जानरावच्याच तोंडून ऐकलेलं होतं, आणि आता ते डोक्यातून जाता जात नव्हतं. बडनेऱ्याच्या पुलावर तिनं खिडकीतून मान बाहेर काढून उत्तरेकडे पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. धूर नाही याचा अर्थ आग विझली की पेटलीच नाही की सगळं जळून संपलं, हे तिला ठरवता येईना. ती खिडकीच्या दांडीला डोकं टेकवून येतील त्या दुआ पुटपुटत राहिली, आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू लागली.

अमरावतीहून रिक्षानं ती जिनिंगच्या गेटवर उतरली तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंगणभर काळं पाणी. अग्निशमनची गाडी नळ्या गुंडाळत होती. शेडबाहेर एक गाठ फोडून टाकलेली होती. वरून पांढरीशुभ्र, आतून कोळसा. आणि पलीकडे कडुनिंबाखाली बायका बसलेल्या. मिस्बाह एकेकीच्या तोंडाकडे बघत सुटली. तिसऱ्या रांगेत पदरानं नाक पुसत खोकत बसलेली अम्मी दिसली, तशी ती मटकन खालीच बसली.

"कुछ नहीं हुआ बेटा," अम्मी म्हणाली. "देख, बाईस के बाईस हैं. मैंने खुद गिने. सिर्फ चप्पलें जलीं."

मिस्बाह तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. बायका बघत होत्या, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

जानराव काट्याजवळ बसला होता. उजव्या तळहाताला ओला फडका गुंडाळलेला. सळई शेजारी पडली होती, टोकाला वाकलेली. कुलूप तोडून झाल्यावर बायका बाहेर पडत असताना त्यानं तीच सळई थप्प्यांमध्ये खुपसत पेटलेली गाठ हुडकली होती आणि जाळ धरायच्या आत चौघा कामगारांना घेऊन ती बाहेर लोटली होती. अग्निशमनवाले आले तेव्हा दारालगतचा कापूस तेवढा पेटत होता.

"एक सांग मले," तो मिस्बाहला म्हणाला. "तुह्या मशीनले समजलं व्हतं ना?"

"समजलं होतं काका."

"मंग सांगतलं काहून नाही त्यानं?"

"त्याले सांगायचं होतं. मीच त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं."

जानरावनं हातावरचा फडका सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "हातावर बर्फ आन जरा कुठून," आणि विषय संपवला.

नत्थुजीनं ऑफिसचं कुलूप आता आपण होऊन फोडलं. मिस्बाहनं आत बसून कालपासूनचे नकार छापून काढले. पहिला आठ वाजताचा, पाळीच्या भोंग्याचा. दुसरा दहा वाजून बारा मिनिटांचा. त्यानंतर दर मिनिटाला एक. दहा-तेरा, नकार. दहा-चौदा, नकार. अकरा वाजता तिचा चहा सांडला तेव्हाही, आणि ती मूर्तिजापूरला भज्यांवर चिडत होती तेव्हाही. जळालेली गाठ बाहेर गेली तरी तिची वायर आतच राहिली होती आणि यंत्र बिचारं अजूनही विचारतच होतं. तिला वाटलं हे कागद फाडून टाकावेत. तिनं फाडले नाहीत. तिनं वायर सोडवली, एका ओळीचा नियम लिहिला, दोनदा वाचला, आणि मग बाहेर येऊन म्हणाली, "एकदा वाजवून पाहा लागते."

चार वाजता भोंगा वाजला. बारा-तेरा दिवसांनी. एवढा मोठा की कडुनिंबावरचे कावळे उडाले आणि बायकांनी कान झाकले. मिस्बाहनं झाकले नाहीत. तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत ती हात घट्ट बांधून उभी राहिली.

गेटमधून एक बाई कळशी घेऊन आत आली. कृश, पांढऱ्या केसांची, अनवाणी. दुपारपासून ती बायकांसाठी गावातून पाणी आणत होती, असं अम्मीनं सांगितलं. ती मनकर्णाबाई होती. तिचं घर भिंतीला लागून पहिलंच. तिनं कळशी खाली ठेवली आणि मिस्बाहजवळ आली.

"आता वाजला थो कशाचा व्हता वो बाई?"

"चाचणीचा, मावशी. भोंगा बिघडला होता का ते पाह्यलं."

"हं," मनकर्णाबाई म्हणाली. मग भोंग्याच्या खांबाकडे वळली. "काल तेरवी झाली ना माह्या गोवर्धनची. मंग मी आज सकाळी उंबऱ्यात येऊन बसली व्हती. मनलं, आता वाजन. आठ वाजले, सव्वाआठ झाले, वाजलाच नाही. मले लय बरं वाटलं बाई. मनलं, जिनिंगवाल्याइनं माह्या पोरासाठी एक दिवस जास्तीचा पाळला." तिनं मिस्बाहकडे पाहिलं. "तसंच व्हतं ना थे?"

मिस्बाहच्या हातात नकारांचे कागद होते. सगळ्यात वर आठ वाजताची ओळ. अम्मी खोकायची थांबली होती. जानरावनं मान वर केली नाही.

"हो मावशी," मिस्बाह म्हणाली. "तसंच होतं."